जोड्या लावणाऱ्या मॅडम

कलेजी घेताना भाव न विचारता वेळ विचारणारी बाई बेलापूरच्या अख्ख्या बाजारात एकच होती, आणि ती म्हणजे आमच्या मॅडम. "किती वाजता कापलंत?" हा त्यांचा पहिला प्रश्न. दुकानदार मामा हसून म्हणायचे, "आत्ताच की मॅडम. हात लावून बघा, अजून ऊन हाय." मॅडम खरंच बोट लावून बघायच्या, मान डोलवायच्या आणि पिशवीतून स्टीलचा मोठा डबा काढायच्या. मोठ्या डब्यात बर्फ, बर्फात छोटा डबा आणि छोट्या डब्यात आमचं त्या दिवशीचं प्रात्यक्षिक. एकदा शेजारच्या गिऱ्हाइकानं सहज विचारलं, "पाव्हणे आलेत वाटतं?" मॅडम म्हणाल्या, "नाही हो, पोरांसाठी नेतेय." "किती पोरं?" "यंदा बावीस." त्या माणसानं जे तोंड केलं ते मी अजून विसरलेले नाही.

मी बरोबर असायचे, कारण बर्फ फोडायचं काम माझ्याकडे होतं. एसटीत मॅडम डबा मांडीवर घेऊन खिडकीशी बसायच्या. ऊन डब्यावर आलं की पलीकडच्या प्रवाशाला सरळ सांगायच्या, "जरा जागा बदलता का? माझ्या डब्याला ऊन लागतंय." स्वतःला कितीही लागलं तरी चालायचं. कंडक्टर ओळखीचा झाला होता. गर्दी चढायला लागली की तोच ओरडायचा, "डब्याला धक्का लावू नका रे, मॅडमचा जीव हाय त्यात!"

आमचं कॉलेज बेलापूरजवळ, श्रीरामपूरच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात. मी अकोले तालुक्यातली, डोंगरातली, भात खाऊन वाढलेली. जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करायचं म्हणून आले तेव्हा वाटलं होतं, पांढरे कोट, काचेच्या नळ्या, सगळं कसं सिनेमातल्यासारखं असेल. कसलं काय! पहिल्याच दिवशी हातात बर्फाचा खडा आणि वरवंटा. प्रयोगशाळेत फ्रीज एकच, आणि त्यात खायची वस्तू ठेवायला सक्त बंदी. बुद्धपौर्णिमेला मॅडम घरून मोठं पातेलंभर खीर करून आणायच्या, पण ती खीरसुद्धा त्या फ्रीजमध्ये जायची नाही. मे महिन्याचं ऊन, बाहेर पातेल्यावर ओला टॉवेल, आणि आम्ही घाईघाईनं वाट्या भरतोय. "खीर नासली तर परत करता येते," मॅडम म्हणायच्या, "एन्झाइम नासलं तर सगळी सकाळ गेली."

पण मॅडमची खरी खोड वेगळीच होती. त्या जोड्या लावायच्या. वर्ग भरला की पहिल्या आठवड्यात त्या नुसत्या बघत बसायच्या. कोण घाई करतं, कोण नळी दोनदा धुतं, कोण कॅन्टीनमध्ये दुसऱ्याचा चहा पिऊन टाकतं. मग एका सकाळी फळ्यावर जोड्यांची नावं लिहायच्या, आणि ती दोन वर्षांसाठी. बदलून मिळणार नाही, रडून मिळणार नाही, प्राचार्यांची चिठ्ठी आणली तरी मिळणार नाही. जोडीतल्या एकानं घोळ घातला की बोलणी दोघांना. एकाला ताप आला की दुसऱ्यानं फळं घेऊन जायचं आणि वर त्याच्या वाटची भांडीही घासायची. "मॅडम, कशावरून जोड्या लावता?" असं विचारलं की म्हणायच्या, "तुमची टेंगळं आणि खळगे बघून."

ही टेंगळं-खळग्यांची भानगड कळायला आम्हाला सहा महिने लागले. ज्या एन्झाइमवर त्यांनी सगळं आयुष्य घातलं त्याचं नाव ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज. काम विष बाहेर काढायचं. "आपण खातो, पितो, फवारतो, हुंगतो," मॅडम सांगायच्या, "त्यातलं नको ते पेशीत शिरतं. हे एन्झाइम त्या विषाला धरतं आणि त्याला ग्लुटाथायोन चिकटवतं. चिकटवलं की पेशीला ओळख पटते, ही घाण आहे, हाकला बाहेर." इतकं सांगून त्या दोन्ही हातांच्या मुठी वर धरायच्या. एन्झाइमचा एक रेणू म्हणजे दोन अर्धुकं. प्रत्येक अर्धुकाच्या अंगावर एक टेंगूळ, आणि शेजाऱ्याच्या अंगावर त्याच मापाचा खळगा. याचं टेंगूळ त्याच्या खळग्यात, त्याचं याच्या. विष धरायची जागा दोघांकडेही असते, पण एकट्याचा हात थरथरतो. शेजारी टेकायला असला की पकड बसते. मुठी एकमेकींत अडकवून मॅडम जोरात हलवायच्या आणि म्हणायच्या, "बघा, आता ओढा!" वर्गातल्या एका पैलवान पोरानं एकदा खरंच ओढून बघितलं. मॅडम खुर्चीसकट पुढे आल्या, पण मुठी सुटल्या नाहीत.

त्या एन्झाइमचं मोजमाप आम्ही रंगावरून करायचो. एन्झाइम जोरात असलं की नळीत पिवळट झाक चढायची आणि यंत्रावरचा आकडा सरसर वाढायचा. पहिल्या वर्षी एकदा कलेजीचा अर्क कमी पडला. आमच्या वर्गात सगळी खेड्यातली पोरं. घरी ऐनवेळी माणसं जास्त झाली की आमटीत पाणी वाढवायचं, हे प्रत्येकाच्या रक्तातच. त्यांनी तेच केलं. अर्कात द्रावण घातलं, घातलं, आणि बावीस जणांना पुरवलं. दुप्पट पातळ केलंय ना, मग आकडा आला की दोननं गुणू, हिशेब सोपा. पण आकडा निम्मा आलाच नाही. जवळजवळ मेलाच. पोरांची पाचावर धारण बसली. आता मॅडम कातडी सोलणार, असं वाटत असताना मॅडमनी आकडे बघितले आणि टाळीच वाजवली.

"अरे लेकरांनो, हेच तर! किती वर्षं मी फळ्यावर सांगतेय, आणि तुम्ही आमटी वाढवता वाढवता करून दाखवलंत!" त्यांनी शिपाईमामांना पेढे आणायला पिटाळलं. मग समजावलं. अर्क दाट असतो तेव्हा अर्धुकं एकमेकांच्या अवतीभवती असतात. एखादी जोडी सुटली तरी लगेच दुसरं अर्धुक भेटतं आणि परत जुळते. पातळ केलं की सुटलेल्याला जोडीदार भेटायलाच मैदान ओलांडावं लागतं. तोवर ते एकटं भेलकांडत राहतं आणि काम बंद. "म्हणजे मॅडम, वेगळी झाली की संपलीच?" मनीषानं विचारलं. मॅडम म्हणाल्या, "छे! फार वेळ एकटी ठेवली तर बिघडतात. वेळेवर गर्दीत आणून सोडली तर उभी राहतात."

मनीषा म्हणजे माझी जोडीदारीण. पाथर्डीकडची, कोरड्या भागातली. मॅडमनी फळ्यावर तिचं नाव माझ्या नावाशेजारी लिहिलं तेव्हा मला काही आनंद झाला नव्हता. मी बडबडी, ती घुमी. मला भात लागायचा, ती बाजरीच्या भाकरीशिवाय जेवली असं म्हणायची नाही. हॉस्टेलवर एकाच खोलीत आलो आणि पहिला महिना आम्ही कपाटाच्या कडीवरून भांडलो. पण कामाला बसली की पोरीचा हात असा स्थिर, की मी नुसती बघत राहायचे. थेंब म्हणजे थेंब. आणि मी यंत्रावर. दुसऱ्या वर्षाचा प्रकल्प मॅडमनी आम्हाला मुद्दाम तसाच दिला. खारट, थंडगार द्रावणात जोड्या सोडवायच्या आणि मग त्यांना परत दाट, कोमट जागी आणून बघायचं, जुळतात का. जुळायला लागल्या की तो आकडा क्षणात हलायचा. एकीनं ओतायचं आणि त्याच श्वासात दुसरीनं वाचायचं. एकटीला ते जमण्यासारखं नव्हतंच.

मॅडमचं लग्न झालेलं नव्हतं. साहजिकच पोरं मागून काय काय म्हणायची. जगाच्या जोड्या लावतात आणि स्वतः, वगैरे. एकदा वार्षिक संमेलनात एका आगाऊ पोरानं मंचावरून माईकवर विचारलं, "मॅडम, तुमचं टेंगूळ कुठंय?" प्राचार्य लालबुंद. मॅडम शांतपणे उठल्या, माईक घेतला आणि म्हणाल्या, "बाळ, तू गेल्या मंगळवारी तासाला नव्हतास. सुटं अर्धुक पेशीत रिकामं बसत नाही. ते दुसऱ्याच एखाद्या प्रथिनाला धरून बसतं आणि त्याला उगाच पेटू देत नाही. संकट आलं की सोडतं. ज्याला तू एकटं म्हणतोस, ते कामावर असतं." आणि खाली बसल्या. टाळ्या थांबेनात. त्या पोराला नंतर त्यांनीच बोलावून चहा पाजला आणि मंगळवारचा तास पुन्हा शिकवला.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर मनीषाच्या घरून फोन आला. तिचे आईवडील दर हंगामाला ऊसतोडीला यायचे, कधी कुठल्या कारखान्याला, कधी कुठल्या. त्या साली सोनईच्या बाजूला होते. आई ऊस भरता भरता ट्रॉलीवरून खाली पडली आणि मांडीचं हाड मोडलं. तिला गावी मावशीकडे नेऊन ठेवलं. मनीषा रात्रभर उशीत तोंड खुपसून पडली होती. सकाळी उठली, कपडे भरले आणि म्हणाली, "अण्णा एकटे आहेत. मी जाते."

"परत कधी येशील?"

"हंगाम संपल्यावर."

हंगाम संपेपर्यंत आमची परीक्षा होऊन गेली असती. प्रकल्प नाही म्हणजे पदवी नाही. तिचीही नाही आणि माझीही नाही. मी मॅडमकडे गेले आणि म्हटलं, मला दुसरी जोडीदारीण द्या. तिघींच्या गटात टाका. काहीही करा. मॅडम मान खाली घालून बर्फ फोडत होत्या. म्हणाल्या, "नाही." विभागप्रमुख सरांनीही सांगून बघितलं, एका मुलीसाठी दुसरीचं नुकसान कशाला? मॅडमचं उत्तर तेच, "नाही." मला इतका संताप आला होता, की मी हॉस्टेलवर येऊन मॅडमच्या नावानं बोटं मोडली. ही काय बाई आहे की दगड! एन्झाइमच्या नादात माणसांची वाट लावायला निघाली!

रविवारी सकाळी हॉस्टेलच्या फाटकाशी हॉर्न वाजला. मॅडम त्यांच्या जुन्या स्कूटीवर, डोक्याला स्कार्फ बांधून. "बस मागे," म्हणाल्या. "सोनईला जायचंय."

विचारत विचारत ऊसतोडीच्या त्या फडावर पोचलो तेव्हा उन्हं चांगलीच वर आली होती. उसाच्या पाल्याच्या कोप्या म्हणजे झोपड्या, चुलीचा धूर, आणि पलीकडे अर्धा तोडलेला फड. मनीषा डोक्याला फडकं बांधून मोळ्या बांधत होती. हातांवर पाल्याचे ओरखडे. आम्हाला बघून ती आधी हसली आणि मग फडक्यानं तोंडच झाकून घेतलं. ज्या हातांनी ही पोरगी थेंब मोजायची!

तिचे वडील पुढे आले. शिडशिडीत माणूस, भलताच संकोची. "बाई, म्या तिला वडून न्हाई आनली. तीच आली," हे पहिलंच वाक्य.

मॅडम म्हणाल्या, "अण्णा, मला ठाऊक आहे. पण परीक्षेपर्यंत तुम्ही एकट्यानं नाही का करू शकत? जमेल तेवढं?"

"बाई, आमच्यात मानसं मोजत न्हाईत, कोयतं मोजत्यात. नवरा-बायकू मिळून येक कोयता. येकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांदायची, भरायचं दोगांनी. हिची आय पडली आन मी ऱ्हायलो अर्धा कोयता. अर्ध्याला टोळीत कोन उभा करतंय?"

"अर्धा कोयता म्हणतात?"

"व्हय. आसंच मनत्यात."

दोन्ही हात एकमेकांत अडकवून मॅडम बांधावर उभ्या राहिल्या आणि फडाकडे बघत राहिल्या. तिथे सगळीकडे दोन-दोन माणसं. एक वाकलेलं, एक बांधतंय. एक वाकलेलं, एक बांधतंय.

तेवढ्यात मनीषानं मला पाणी द्यायच्या निमित्तानं बाजूला नेलं. "मुकादम मागे लागलाय," ती हळूच म्हणाली. "आष्टीकडचा एक मुलगा आहे टोळीत, त्यालाही जोडी नाही. मुकादम म्हणतोय, यंदा बापाची जोडी हो, पुढच्या साली नवऱ्याची. लग्न लावलं की कोयता पुरा."

"आणि अण्णा?"

"हो म्हणाले नाहीत अजून."

"अगं पण नाही म्हणालेत का?"

"नाही पण म्हणाले नाहीत."

माझ्या हातातलं पाणी तसंच राहिलं. म्हणजे पदवी गेली तर नुसती पदवी जाणार नव्हती.

मी वळले तर मॅडमनी पदर खोचला होता. "अण्णा, हिला तासभर विश्रांती घेऊ दे. मी बांधते मोळी." अण्णा नको नको म्हणताहेत, टोळी हसतेय, पण ऐकतील त्या मॅडम कसल्या! उसाच्याच शेंड्याच्या हिरव्या पाल्यानं, वाढ्यानं, मोळी आवळायची असते. मॅडमनी मोळी आवळली, पीळ दिला, उचलली आणि सगळा ऊस पायावर. पुन्हा बांधली, पुन्हा सांडली. आयुष्यभर जोड्या बांधून ठेवणाऱ्या बाईला एक मोळी बांधता येईना. टोळीतल्या सगळ्यात थोरल्या कौसाबाई, त्या तर हसून हसून पाचटाच्या वाळल्या पाल्यात बसल्या. "अगं बया बया! बाई, तुमची मोळी तर तान्ह्या पोराच्या लंगोटावानी सुटतीया!"

"मग शिकवा की," मॅडम म्हणाल्या. "मी रजा टाकून येणार आहे. मनीषानं प्रयोगशाळेत जायचं आणि मी इथं. पोरगी पास होईपर्यंत अण्णांची जोडी मी."

हसू एकदम थांबलं. कौसाबाईंनी मॅडमचे हात हातात घेतले. एवढ्या वेळात त्यांवर चार ठिकाणी कापलं होतं. "खरंच मनता?"

"मी खोटं कशाला बोलू?"

आणि आल्याच की! मंगळवारी आल्या, बुधवारी आल्या. मनीषा सकाळच्या एसटीनं प्रयोगशाळेत यायची, तिच्या हातांना सुरुवातीला थेंब ऐकेनात, आणि इकडे मॅडम फडात. त्यांनी बांधलेल्या मोळ्या अण्णा काही न बोलता पुन्हा आवळायचे. मुकादमानं कुरकुर सुरू केली, ट्रॉली उशिरा भरतेय म्हणाला. गुरुवारी संध्याकाळी मनीषाला सोडायला मी फडावर गेले होते तेव्हा कौसाबाईंनी सगळ्यांसमोर तोंड उघडलं.

"बाई, आता बास झालं. तुमी आपलं शिकवायला जावा. हितं आमी हाव. उद्यापासनं सकाळच्याला मी ह्या अण्णाच्या मागं बांदते. दुपारी सखू बांदल. परवा दुसरी कोन."

"आन मी काय करू?" त्यांचा म्हातारा मागून ओरडला.

"तवर येकटा तोड. कुटं पळून चाललाय का तू?"

"आगं, मला इचार तरी!"

"इचारलं की. आत्ताच."

मुकादम म्हणाला, असं कुठं असतंय का, ज्याची जोडी त्यानं सांभाळायची. कौसाबाई त्याच्याकडे वळल्या. "तुला ट्रॉली भरून पायजे का न्हाई? मग भरल. कोन कुनाच्या मागं बांदतंय ह्येचं तुला काय करायचंय?" बाकीच्या बाया माना डोलवत होत्या. हे असं खरंच हंगाम संपत येईपर्यंत चाललं. सकाळी एक जोडी सुटायची, दुपारी दुसरी, संध्याकाळी ज्याच्या त्याच्या जागी. अण्णा एक दिवस अर्धे राहिले नाहीत. कौसाबाईंची लेकसुद्धा अशीच बाराव्या वर्षी लग्न लावून कुणाचा तरी कोयता पुरा करायला गेली होती, हे मला टोळीतल्या त्या सखूनं नंतर सांगितलं.

त्या गुरुवारी परत येताना मॅडम स्कूटी चालवत मोठमोठ्यानं बोलत होत्या. वाऱ्यात मला निम्मं ऐकू येत होतं. दोन जोड्या जवळ येतात, सुटतात, अर्धुकांची अदलाबदल करतात आणि पुन्हा जोड्या होऊन कामाला लागतात, हे त्या आम्हाला कधीपासून शिकवत होत्या. "मी हे नळीत बघायला जन्म घातला गं!" त्या ओरडल्या. "आणि ही माणसं बघ, बसल्या जागी ठरवून मोकळी!" मी मागे बसून हसत होते आणि रडतही होते. मॅडमवरचा माझा राग कुठल्या कुठे गेला होता.

आता मी नाशिकला असते. द्राक्षांवर फवारलेल्या औषधाचा अंश तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे सगळी यंत्रं अशी, की बटण दाबलं की एकट्यानं सगळं होतं. नवीन मुलं कानात गाणी घालून एकेकटी काम करतात, आणि चांगलं करतात, मी नाही म्हणत नाही. पण कधीकधी ओतायची वेळ आली की मी उगाच बाजूला बघते. मनीषा राहुरीला शिकवते. तिच्या वर्गातही जोड्या लागतात, पोरं तिच्याही नावानं बोटं मोडतात, आणि ती हे मला फोनवर फार अभिमानानं सांगते. मॅडम निवृत्त होऊन बेलापुरातच राहतात. गुडघे दुखतात. मागच्या महिन्यात गेले तर बाजारातून भाजी आणायला निघाल्या होत्या. म्हणाल्या, आता खाटिकाच्या दुकानावरून जाताना उगाच चोरट्यासारखं वाटतं, काही न घेता गेलं की तो मामा हिरमुसतो.

तोंडी परीक्षेचं मात्र सांगायचं राहिलं. हंगामाचे शेवटचे दिवस होते. बाहेरचे परीक्षक आले होते, चष्मा नाकावर, कडक. आमचा सगळा प्रकल्प त्यांनी उलटसुलट केला. सुटलेली अर्धुकं परत जुळली, आकडा परत चढला, हे त्यांना पटेना. म्हणाले, आत्ता माझ्यासमोर करून दाखवा. मनीषानं ओतलं. मी वाचलं. आकडा हलला, थबकला आणि मग चढायला लागला. परीक्षक खाली वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "ठीक. पण हे काम नेमकं तुमच्यातल्या कुणाचं?" आम्ही दोघींनी एकमेकींकडे बोट दाखवलं. ते पहिल्यांदाच हसले. म्हणाले, "पास आहात. जा."

आम्ही तिघी थेट फडावर गेलो. शेवटची ट्रॉली भरत होती. अण्णा खांद्यावर मोळी घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवर चढत होते, आम्हाला बघून तसेच उतरले. मनीषा त्यांच्या पाया पडली. मीच म्हटलं, "अण्णा, झालं! पास झालो!"

"मंजी काय व्हनार आता?" त्यांनी मॅडमना विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे तिला आता कुठंही नोकरी मिळेल. शिकवता येईल. स्वतःच्या पायावर उभी राहील."

मोळी अजून अण्णांच्या खांद्यावरच होती. "मंजी माजी पोर आता कुनाचाच अर्धा कोयता व्हनार न्हाई?"

"नाही, अण्णा. कुणाचाच नाही."

त्यांनी मोळी खाली ठेवली. मग एवढा संकोची माणूस, सगळ्या फडाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "ओ मुकादम! त्या आष्टीच्या पोराला निरोप द्या. दुसरीकडं बघ मनावं. आमची पोर न्हाई."

मुकादम ट्रॉलीपाशी उभा होता. म्हणाला, "बरं, नगं. पर तुजी बायकू काय आता तोडीला यायची न्हाई. पोर बी गेली. पुढल्या साली तू येकटा काय करशील? अर्ध्याला कोन घेनार हाय?"

"नगं घेऊ दे," अण्णा म्हणाले. "म्या ऱ्हाईन की अर्धा."

मॅडम तिथेच पाचटात बसल्या आणि ओंजळीत तोंड घेऊन रडल्या. कौसाबाई फळीवरून उतरून आल्या, त्यांच्या शेजारी टेकल्या, आणि ट्रॉली थोडा वेळ उभी राहिली.